इंदूरला नव्याने आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी: मत इथे द्या, विचार करून द्या

यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना पत्र लिहिले, तेव्हा त्या लोकांचे सगळे लक्ष घरी परतण्याकडे लागले होते. हनन्यासारखे खोटे संदेष्टे सांगत होते की दोन वर्षांत सगळे संपेल, सामान बांधूनच ठेवा. यिर्मयाने नेमके उलट लिहिले. घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात देवाने तुम्हांला नेले आहे त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा; त्याचे भले होईल त्यात तुमचेही होईल. यिर्मयाचा हा एकोणतिसावा अध्याय अहिल्यानगर, नाशिक, जालना, सोलापूर इथून नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी इंदूरला आलेल्या आपल्या प्रत्येक घराने पुन्हा एकदा वाचावा असे मला वाटते. आपण इथे भाड्याने घर घेतो, मुलांना शाळेत घालतो, रविवारी हिंदी उपासनेत बसायलाही सरावतो. मत मात्र गावाकडेच ठेवतो. मतदानाच्या दिवशी तिकडे जाणे होत नाही, इकडे यादीत नाव नसते, आणि निवडणुकीमागून निवडणूक अशीच निघून जाते.

त्यासाठीच हा लेख. नाव इथे कसे आणायचे, उमेदवार कसा पारखायचा, मंडळीत काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे क्रमाने सांगते.

मनातली शंका आधी

“आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, मग या भानगडीत कशाला पडायचे?” हा प्रश्न मंडळीत हमखास निघतो, आणि तो विचारणारी माणसे मनापासून विचारतात. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल तसे म्हणतो खरा. पण हाच पौल फिलिप्पै शहरात बेकायदा फटके खाल्ल्यावर गुपचूप निघून गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावून सांगितले. पुढे यरुशलेमातही चाबकाखाली बांधले जात असताना त्याने तोच हक्क पुढे केला. स्वर्गाचे नागरिकत्व त्याने पृथ्वीवरचे सोडायला सबब म्हणून वापरले नाही.

कॅथलिक बांधवांसाठी तर ही बाब लिखित शिकवणीत आहे. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातील २२४० व्या परिच्छेदात कर भरणे, मतदानाचा हक्क बजावणे आणि देशाचे रक्षण करणे ही नैतिक कर्तव्ये म्हणून एकत्र सांगितली आहेत.

आपल्या देशाच्या इतिहासातही याला एक आधार आहे. १९३५ च्या कायद्याने काही प्रांतांत भारतीय ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ दिले होते. संविधान सभेत ही व्यवस्था जाऊन सर्वांची एकच मतदार यादी आली. धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही पुढे सोडून दिल्या, आणि त्यात ख्रिस्ती पुढाऱ्यांनी पुढाकार घेतला. संविधान सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. शेजाऱ्यांच्या सोबतीने, त्यांच्याच रांगेत उभे राहून मत देऊ, असा विश्वास त्या पिढीने दाखवला. त्या रांगेत आपणच नसलो, तर आपली जागा भरायला दुसरे कोणी येणार नाही.

गावची नोंद इथे आणणे

कायदा सरळ आहे. जिथे तुम्ही खरोखर राहता, तिथल्या यादीत तुमचे नाव असावे, आणि ते एकाच ठिकाणी असावे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा दोन मतदारसंघांत नाव ठेवू देत नाही. खोटी माहिती देऊन अर्ज केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. “गावाकडचंही राहू दे, काय बिघडतं?” असे पुष्कळजण म्हणतात. बिघडते. खरे बोलणाऱ्या लोकांनी सरकारी अर्जावर खोटी सही करू नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रात तुमचे नाव आधीच असेल तर नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरू नका. फॉर्म ८ भरा. पत्ता बदलणे, नावातली चूक सुधारणे, हरवलेले कार्ड पुन्हा मिळवणे, हे सगळे याच एका अर्जावर होते, आणि राज्य बदलले तरी हाच चालतो. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो, जुन्या ठिकाणचे नाव कमी होते. ज्यांचे नाव कुठेच नाही, म्हणजे बहुधा घरातली अठरा वर्षांची झालेली मुले, त्यांच्यासाठी फॉर्म ६. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असणे धरले जाई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेली मुले आगाऊ अर्ज करू शकतात. दृढीकरण झालेल्या मुलांच्या हातात त्या वर्षीच हा अर्ज द्यावा, असे मी प्रत्येक पाळकांना सुचवत असते.

अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा मोबाइल अॅपवर भरता येतो. कागदावर भरायचा असेल तर तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्या. हा बीएलओ म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या अंगणवाडीतली ताई किंवा सरकारी शाळेतले मास्तर असतात. कोण आहेत ते १९५० या क्रमांकावर फोन करून कळते. त्यांच्यावर कामाचा ढीग असतो, म्हणून सोसायटीतल्या किंवा मंडळीतल्या चार घरांचे अर्ज एकत्र करून त्यांना एकदाच बोलावलेत तर त्यांचेही हेलपाटे वाचतात. चहा द्या, खुर्ची द्या.

कागदपत्रांत भाडेकरूंची अडचण होते, कारण वीजबिल घरमालकाच्या नावाचे असते. इंदूरचा पत्ता घातलेले आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, गॅस जोडणीचे बिल, नोंदणीकृत भाडेकरार, यांतले काहीही चालते. सर्वांत सोपे म्हणजे आधी बँकेत जाऊन पासबुकावरचा पत्ता बदलून घ्या. वसतिगृहात राहणारी मुले संस्थेच्या प्रमुखांकडून राहत असल्याचा दाखला घेऊन इथे नाव नोंदवू शकतात. वयाच्या पुराव्यासाठी आपल्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला पटकन पुढे केला जातो, पण अर्जावरच्या कागदपत्रांच्या यादीत तो नाही. जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पॅन किंवा पासपोर्ट जोडा.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे पुष्कळांना आपले नाव सापडतच नाही. इथली यादी हिंदीत असते. साळवे तिथे ‘सालवे’ असतात किंवा ‘साल्वे’, काळे ‘काले’ होतात, कांबळे ‘कांबले’, गायकवाड यांच्या ड खाली टिंब असते. मधले वडिलांचे नाव कधी गळते, कधी आडनाव होऊन बसते. लग्नानंतरचे नाव आधारवर एक आणि यादीत दुसरे असते. म्हणून नावाने शोधून थांबू नका, ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. नाव वेगळ्या वळणाने लिहिले असले आणि फोटो, पत्ता, वय जुळत असले तर मत देता येते. पण आधारवरच्या नावाशी फार फरक असेल तर वेळीच फॉर्म ८ वर दुरुस्ती मागा. मतदान केंद्रावर उन्हात वाद घालण्यापेक्षा ते बरे.

नोव्हेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशात मतदार यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. बीएलओ घरोघर फॉर्म घेऊन फिरले, आणि मृत, स्थलांतरित व दुहेरी नावे वगळली गेली. त्या काळात ज्यांनी इंदुरातच घर बदलले, त्यांनी आपले नाव आहे असे गृहीत धरू नये. आजच तपासा. निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेपर्यंत जो अर्ज प्रक्रियेतून पार पडला तोच त्या निवडणुकीला उपयोगी, म्हणून घोषणेची वाट पाहत बसू नका.

तुमचा मतदारसंघ कोणता

इंदूर लोकसभा मतदारसंघात इंदूर १ ते ५, राऊ, देपालपूर आणि सांवेर असे आठ विधानसभा मतदारसंघ येतात. महूला, म्हणजे डॉ. आंबेडकर नगरला राहणारे इंदूर जिल्ह्यात असले तरी खासदार निवडतात धारचा. सांवेर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राखीव असतो तो उमेदवार, मत तिथला कोणीही मतदार देतो. नगर निगमची निवडणूक राज्य निर्वाचन आयोग घेतो, तिची वॉर्डवार यादी वेगळी निघते, तीही पाहून ठेवा. नगरसेवकाला इथे पार्षद म्हणतात, आणि महापौर थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो, म्हणून त्या दिवशी दोन मते द्यायची असतात.

उमेदवार पारखताना

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला माणसे नेमायला सांगतो. ती कर्तबगार असावीत, देवाला भिणारी असावीत, सत्यप्रिय असावीत, लाचेचा तिटकारा असणारी असावीत. इथ्रो स्वतः इस्राएली नव्हता, मिद्यानाचा याजक होता, आणि तरी त्याचा सल्ला देवाच्या लोकांनी मानला. मला या प्रसंगातून नेहमी वाटते की चांगल्या कारभाराची ओळख आपल्या धर्मापुरती मर्यादित नाही. ख्रिस्ती आडनाव पाहून शिक्का मारणे हे इथ्रोच्या कसोटीत कुठेच बसत नाही.

ही कसोटी लावायला आज साधन आहे. प्रत्येक उमेदवाराला उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा आयोगाच्या अॅपवरील ‘नो युवर कँडिडेट’ सुविधेत कोणालाही वाचता येते. ते उघडून निवांत वाचा. प्रलंबित खटल्यांचा रकाना आधी पाहा, आणि फक्त आकडा पाहू नका, कलमे पाहा. आंदोलनात रस्ता अडवल्याचा खटला आणि खंडणीचा खटला एकाच रकान्यात शेजारी बसतात. मग मालमत्ता पाहा. तोच उमेदवार मागच्या निवडणुकीलाही उभा असेल तर तेव्हाचे शपथपत्र शेजारी ठेवा आणि मधल्या पाच वर्षांत काय वाढले ते बघा. सरकारी थकबाकीचाही रकाना असतो. गुन्हे दाखल असलेल्या उमेदवारांना प्रचाराच्या काळात ती माहिती तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर प्रसिद्ध करावी लागते. त्या बारीक अक्षरातल्या जाहिराती कापून ठेवण्यासारख्या असतात. आमच्या ओळखीतल्या एक निवृत्त परिचारिका वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रे छापून घेतात आणि जेवणाच्या टेबलावर मुला-सुनांसोबत पेन्सिलीने खुणा करत वाचतात. कोणाला मत द्यायचे हे त्या घरात कोणी कोणाला सांगत नाही, कागद मात्र सगळे मिळून वाचतात.

आपल्या समाजाला थेट लागणारे प्रश्न आहेतच, ते विचारायला संकोचू नका. मध्य प्रदेशात धर्मांतरासंबंधीचा कायदा १९६८ पासून आहे, आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. तो भोपाळच्या विधानसभेने केला, म्हणजे आमदारांनी केला. घरगुती प्रार्थनासभा, दफनभूमीची जागा, मिशनच्या शाळा-दवाखाने यांबद्दल उमेदवार काय म्हणतो, हे त्याला तोंडावर विचारावे, नम्रपणे आणि स्पष्ट.

पण एवढ्यावरच थांबलो तर आपण यिर्मयाचे पत्र अर्धेच वाचले असे होईल. सगळ्या नगराचे भले पाहा, असे त्यात आहे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात मुक्यांसाठी तोंड उघड, गरिबांना न्याय मिळवून दे, असे राजाला त्याची आई सांगते. इंदुरात झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून आलेले आदिवासी मजूर सकाळी चौराह्यावर कामाची वाट पाहत उभे असतात. पाण्याचा प्रश्न बघा. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर आणि चढ कापून या शहरात येते. ते कोणत्या वस्तीत रोज पोहोचते, कोणत्या वस्तीत दिवसाआड, नळाला स्वच्छ येते की गटाराचा वास घेऊन येते, हे पार्षदाच्या आणि महापौराच्या कामाचे खरे माप आहे. ज्या घरात बाटलीबंद पाणी येते त्या घराने हा प्रश्न विचारणे मला जास्त मोलाचे वाटते.

आणि कोणीच पसंत नसेल तर? यंत्रावर शेवटी नोटाचे बटण आहे, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते आले. इंदूरला ते नव्याने सांगायला नको. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला, त्या पक्षाने नोटाचे आवाहन केले, आणि इथे २,१८,६७४ मते नोटाला पडली. देशात तोवर कुठेही इतकी पडली नव्हती. तरी विजयी उमेदवार ११ लाख ७५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आला, कारण नोटाने निकाल बदलत नाही. म्हणून माझे मत असे की नोटा प्रामाणिक आहे, पण तो शेवटचा पर्याय असावा. शास्ते पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम झाडांचा दाखला सांगतो. झाडे राजा शोधायला निघतात; जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल आपापल्या कामाची थोरवी सांगून नाही म्हणतात, आणि शेवटी काटेझुडूप राजा होते. दोन उमेदवारांत एक थोडा बरा असेल, तर त्या थोड्याशा फरकासाठी मत द्यावे.

मंडळीत काय बोलावे

पाळकांनी आणि फादरांनी मतदान करा म्हणावे, प्रार्थना करावी, नावे तपासायला लावावे, शपथपत्रे वाचायला सांगावे. कोणत्याही पक्षाचे किंवा उमेदवाराचे नाव वेदीवरून घेऊ नये. हे नुसते संकेताचे बोलणे नाही, कायदा आहे. १९८८ च्या धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंध कायद्याने प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने उमेदवारासाठी मते मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्यात मतदाराचा धर्मही धरला. मत न दिल्यास देवाचा कोप होईल अशी भीती घालणे हाही त्याच कायद्यात भ्रष्ट आचार मानला आहे. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार चर्चच्या फाटकावर “जय मसीह की” म्हणत येतील. त्यांना आदराने भेटा, माइक देऊ नका. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटालाही हाच नियम लावा, कारण एका ‘फॉरवर्ड’मुळे वर्षानुवर्षे एका बाकावर बसणारी दोन घरे अबोला धरतात.

घरातही हेच. बायकोचे मत नवऱ्याने ठरवू नये, सुनेचे सासूने ठरवू नये.

पैसे, साड्या, दारू

घेऊ नका. निर्गम २३:८ म्हणते की लाच डोळसालाही आंधळा करते. “पैसे घ्यायचे आणि मत मनाला येईल त्याला द्यायचे” हा शहाणपणाही करू नका, कारण मग आपण लाच तर घेतलीच, वर शब्दही मोडला. देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने दोषी आहेत. वस्तीत वाटप दिसले तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार सुविधेवर फोटो किंवा व्हिडिओ टाका. तक्रारीवर शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी त्याची रचना आहे, आणि नाव न देताही तक्रार करता येते.

मतदानाचा दिवस

मतदानासाठी भरपगारी सुट्टी हा खासगी नोकरीतही हक्क आहे. रुग्णालयातल्या आपल्या मुली पाळ्यांत काम करतात. त्यांनी पाळी आधीच बदलून घ्यावी. मतदार ओळखपत्र नसले तरी चालते: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले पासबुक यांतले काहीही न्या. यादीत नाव मात्र हवेच. फोन घरी ठेवा.

आत पहिला अधिकारी नाव वाचतो, दुसरा सही घेतो आणि डाव्या तर्जनीला शाई लावतो, तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, नाव आणि चिन्ह पाहूनच बाजूला व्हा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर परत फिरू नका; ओळख पटवून ‘निविदत्त मत’ मागा, कागदी मतपत्रिका द्यावी लागते. पंच्याऐंशी वर्षांवरील वडीलधाऱ्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते, पण त्याचा फॉर्म १२-ड अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. महिला मंडळाने अशा घरांची यादी आधीच करून ठेवावी.

निकालानंतर

पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि ते लिहिले गेले तेव्हा सत्तेवर रोमचा कैसर होता. म्हणून निकालानंतरच्या रविवारी निवडून आलेल्याचे नाव घेऊन प्रार्थना करा, तुम्ही त्याच्या विरोधात मत दिले असले तरीही. मग कामाला लागा. नळ, गटार, कचरा, पथदिवे यांच्या तक्रारी नगर निगमच्या ‘इंदूर ३११’ अॅपवर टाका, राज्य सरकारच्या कामांसाठी १८१ वर फोन करा, आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. दोनदा तक्रार करूनही काम झाले नाही तर ते क्रमांक घेऊन पार्षदाकडे जा. एकटे जाऊ नका, गल्लीतल्या शेजाऱ्यांना सोबत घ्या.